माईंची खाट

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बहिणीला नाही, बाईसाहेबांना नाही. देवळात डोळे मिटून उभी राहते तेव्हा तिथेही नाही — तिथे मी भलतंच काहीतरी पुटपुटते आणि प्रसाद घेऊन घरी येते. तुम्हाला लिहून सांगते आहे. का, ते विचारू नका. आणि एक आधीच बोलून ठेवते — मी रडणार नाही. माझ्या पाठीवरून हात फिरवायला कुणी येऊ नये. आलं तर मी तो हात बाजूला करीन.

मी सरूबाई. मळवलीच्या पलीकडच्या वाडीतली. नवऱ्यानं दुसरी केली आणि मला माहेरी आणून सोडलं. माहेरी भावजयीनं ताट वाढलं, पण तोंड फिरवून. मग मी लोणावळ्याला बंगल्यात कामाला लागले. पाटीवर ‘आरोग्यभुवन’ लिहिलं होतं, पण सगळे बंगलाच म्हणत. मुंबई-पुण्याच्या बऱ्या घरांतली म्हातारी, लुळी, अंथरुणाला खिळलेली माणसं तिथे आणून ठेवत. हवा चांगली म्हणून ठेवलंय, असं घरचे सांगत. पावसाळ्यात त्या हवेत धुकं आणि ओल याशिवाय काही नसे, पण तेव्हा घरचे फारसे येतही नसत.

मागच्या महिन्यात पुण्याहून एक गृहस्थ आले होते. आता लढाईचे दिवस, कामाला बायका मिळत नाहीत, म्हणून बंगला चालवणाऱ्या बाईसाहेबांनी नव्या पोरी घेतल्यात. त्यांच्यापुढे हे गृहस्थ सेवाभावावर बोलले. छान बोलले. आणि शेवटी माझ्याकडे हात करून म्हणाले, हिच्याकडून शिका, रुग्णाला औषध लागतं तशी माया लागते. पोरी माझ्याकडे बघायला लागल्या. मी पदर सावरून उभी राहिले. मला काय वाटलं असेल? लाज? — नाही. मला राग आला. एवढी वर्षं झाली आणि अजून कुणाला काही दिसलं नाही?

तर दिसू दे आता.

लढाईच्या बऱ्याच आधीची गोष्ट. बायकांच्या बाजूला आम्ही दोघी — मी आणि अमिनाबी. अमिनाबी तळेगावची. अंगानं दणकट, तोंडानं फटकळ, दाताला सतत मिश्री. बंगल्याचा एक नियम होता: पाण्याला आणि जेवणाला अमिनाबीचा हात लागायचा नाही. म्हाताऱ्या बायका सोवळ्याच्या, त्यांचे घरचे आधीच तसं बजावून जात. अमिनाबीनं फरशी पुसायची, दिवे घासायचे, बायकांना उचलायचं, वळवायचं. पाणी पाजायचं ते मी. फक्त मी. हे नीट लक्षात घ्या. त्या खोल्यांत कुणाच्या घशाखाली पाणी जायचं असेल, तर ते माझ्या हातून जायचं.

आणि चादरी धुवायच्या, त्याही मीच.

कोपऱ्यातल्या खोलीत माई होत्या. पुण्याच्या एका वकिलांच्या विधवा. अर्धांगवायूनं डावं अंग गेलेलं. उजवा हात चालायचा, जीभ थोडी जड झाली होती, पण बोलणं कळायचं. बुद्धी तर माझ्यापेक्षा लख्ख. माई गोड नव्हत्या. तांब्या माझाच आण, हात धुतलेस का, पदर लागू देऊ नकोस — दिवसभर चालायचं. मग मी त्यांचा राग करायचे का? नाही हो. तसं असतं तर सांगायला सोपं गेलं असतं. मला त्या आवडायच्या. मला अक्षरं त्यांनी शिकवली. दुपारी मी पाय चेपत बसले की उजव्या हाताचं बोट घोंगडीवर फिरवून त्या अक्षर काढायच्या, आणि मी ते त्याच घोंगडीवर गिरवायचे. माझं नाव मी पहिल्यांदा त्यांच्या गुडघ्यावर लिहिलं. सरू. त्या म्हणाल्या होत्या, रफार नाही गं, उकार दे.

त्याच माई.

आषाढात लोणावळ्याला कपडा वाळत नाही. व्हरांड्यात दोऱ्या बांधून चादरी टाकायच्या, तर सकाळी टाकलेली दुसऱ्या सकाळी तितकीच थंड. मग शेगडीवर बांबूची टोपली पालथी घालायची आणि तिच्यावर चादर पसरून एकेक कोपरा सुकवायचा. धूर डोळ्यांत जायचा. मेणकापड घातलं तरी ओल खाली गादीपर्यंत जायची. माईंना भांडं मागेपर्यंत धीर निघत नसे. अंगच साथ द्यायचं नाही. चादर भिजली की त्या डोळे मिटून घ्यायच्या. आणि मी — मी काही बोलायचे नाही, पण चादर जराशी हिसक्यानं ओढायचे.

एके दिवशी दिवेलागणीला त्यांनी पाणी मागितलं आणि मी म्हणाले, आणते हं, माई. आणि आणलं नाही. ठरवून नाही. दुसरं काम निघालं. पण सकाळी चादर कोरडी होती.

समजलं ना?

मग दिवेलागणीनंतर नाही. मग चहानंतर नाही. मग जेवताना घोटभर, की पुढे नाही. आणते हं, माई. किती गोड आवाजात म्हणायचे मी ते. त्यांच्या ओठांना भेगा पडल्या, तर मी तूप लावलं — बोटानं, हळूच. बाईसाहेब दारातून बघून गेल्या आणि खूश झाल्या.

तुम्ही म्हणाल, कामाला माणसं कमी होती, तू तरी काय करणार? कमी होतीच. बाईसाहेबांना ठाऊक होतं, घरच्यांनाही ठाऊक होतं. पण घोटभर पाण्याला कितीशी माणसं लागतात? तांब्या होता, पाणी होतं, हात होता. त्या गृहस्थांना हेच विचारायचं होतं मला. माया लागते म्हणे. माझ्याकडे माया होती. त्याच हातानं तूप लावत होते मी.

पण मला सांगायचं आहे ते हे नाही. हे त्याच्या आधीचं.

माईंची मुलगी इंदूताई मुंबईहून आली. पावसात भिजत स्टेशनावरून टांग्यानं. बिचारी उशाशी बसून आईचे केस विंचरत होती. मी चहा घेऊन गेले आणि माई माझ्यासमोरच म्हणाल्या, “इंदू, ही मला पाणी देत नाही.”

साधं बोलल्या. तक्रार केल्यासारखंही नाही.

मी हसले. खरंच हसले. म्हणाले, “आत्ताच तर दिलं की, ताई. इसरत्यात त्या आताशा.”

इंदूताईंनी तांब्याकडे पाहिलं. तांब्या काठोकाठ भरलेला. त्यांनी आईच्या कपाळावर हात ठेवून समजावलं की आई, हा बघ भरलेला तांब्या, तुझ्या शेजारीच तर आहे. माईंनी मान वळवून तांब्याकडे पाहिलं. तो डाव्या बाजूला होता. गेलेल्या अंगाकडे. मीच ठेवलेला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. जाताना इंदूताई व्हरांड्यात डोळे पुसत मला म्हणाल्या, आईचं डोकं असं कधी नव्हतं हो. मी म्हणाले, वय झालं की व्हतंय असं.

त्यानंतर माईंनी पाणी मागणं सोडलं. मला बरं वाटलं. हेही लिहिते — मला बरं वाटलं.

आता ते.

एका सकाळी बाहेर पाऊस नुसता ओतत होता. मी खोलीच्या दारात आले आणि थांबले. माईंची खाट खिडकीला लागून होती. माईंनी उजवा हात गजांतून बाहेर काढला होता. कौलांवरून पागोळी पडत होती, तिच्याखाली ओंजळ धरलेली — एका हाताची काय ओंजळ होणार? हात आत घेईपर्यंत पाणी सांडत होतं. उरलं तेवढं त्या चाटत होत्या. बोटं, तळवा, मनगट. पुन्हा हात बाहेर. वकिलांच्या विधवा. हात धुतल्याशिवाय मला तांब्याला शिवू न देणाऱ्या.

मी दारात उभी राहून पाहिलं. किती वेळ, कोण जाणे. त्यांना मी दिसले नव्हते.

आता तुम्हाला वाटेल, इथे मी धावले असेन. तांब्या उचलला असेन, पाया पडले असेन. अशा गोष्टींत असंच होतं ना?

माझ्या मनात आलं — बाईसाहेबांची फेरी व्हायची आहे. त्या बघतील. आणि दुसरं आलं ते हे, की बाही भिजली, आता चादरही भिजणार.

मी आत गेले. खाटेचा पायथा धरला आणि खाट ओढली. फरशीवर पाय करकरले. खिडकीपासून पलीकडच्या भिंतीपर्यंत ओढत नेली. म्हणाले, “पाऊस आत येतोय, माई. सर्दी व्हईल.”

माई म्हणाल्या, “राहू दे गं इथं. सरू, राहू दे.”

मी खिडकी लावून घेतली.

हे मी केलं. दुसऱ्या कुणी नाही. कुणी सांगितलं नव्हतं.

फरशी पुसायला अमिनाबी आली आणि खाट बघून थबकली. का हलवली म्हणून विचारलं. पाऊस आत येतोय, मी म्हणाले. ती खिडकीपाशी गेली, खालची फरशी हातानं चाचपली. “हितं तर कोरडं हाय,” एवढंच म्हणाली आणि पुसायला लागली.

दोन-तीन दिवसांत माईंना ताप भरला. डॉक्टर आले, जीभ बघितली, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली. पाणी जातंय का पोटात, असं त्यांनी विचारलं. बाईसाहेब शेजारी उभ्या होत्या. मी म्हणाले, जातंय की. डॉक्टरांनी औषध लिहिलं आणि चमच्याचमच्यानं पाणी पाजत राहायला सांगितलं.

ते गेल्यावर मी फुलपात्र घेऊन बसले. आता मला पाजायचंच होतं. घाबरले होते. चमचा ओठांना लावला. माईंनी तोंड मिटलं. पुन्हा लावला. त्यांचे डोळे उघडे होते, माझ्यावर होते, आणि ओठ घट्ट. पाणी हनुवटीवरून उशीवर गेलं. वात होता का तो? भ्रम? नाही. तेवढी शुद्ध बंगल्यात दुसऱ्या कुणाला नव्हती.

अमिनाबी कोपऱ्यात दिव्याच्या काचा पुसत होती. माईंनी तिला हाक मारली. “अमिना, तू दे.”

अमिनाबी जागची हलेना. “माई, माजा हात... बाईसायेब काय म्हनत्याल?”

“मी मागते आहे ना?”

अमिनाबीनं हात धुतले. कोपरापर्यंत धुतले, दोनदा. माझ्या हातातून फुलपात्र घेतलं. माईंच्या मानेखाली हात घालून तिनं त्यांना वर उचललं, आणि माई प्यायल्या. जन्मभराचं सोवळं एका फुलपात्रात गेलं, आणि त्या थांबून थांबून प्यायल्या. मी उभी राहून बघत होते. मला कुणी बाहेर जा म्हटलं नाही.

पुढे अमिनाबी पाणी पाजते हे बाईसाहेबांना कळलं तेव्हा आजारात चालतं, असं काहीसं म्हणाल्या. पाऊस ओसरेपर्यंत माई होत्या. पाणी अमिनाबीच्या हातून. मी चादर बदलली, पाय चेपले, त्यांनी करू दिलं. पण घोंगडीवर बोट पुन्हा फिरलं नाही. मला त्या ‘बाई’ म्हणायला लागल्या. बाई, जरा वळवा. बाई, दार लावा.

अमिनाबी एकदा चादरी पिळताना म्हणाली, “मी न्हाई बोलनार कुनाला. तू बोल.”

मी बोलले नाही. ती आता नाही. गेल्या उन्हाळ्यात गेली. तिनं शब्द पाळला.

त्यानंतर बंगल्यात मी कुणाला तहानलेलं ठेवलं नाही. हे माझ्या बाजूनं मांडत नाही. जे ज्यांना मिळालं ते त्यांना मिळालं, माईंना त्यातला थेंब पोचला नाही. एका कीर्तनकारबुवांनी सांगितलं होतं की मनापासून पस्तावलं की सगळं धुऊन जातं. धुणं मला चांगलं माहीत आहे, बुवा. हे धुवायचं नाही मला. असू दे तसंच, अंगावर.

माई गेल्यावर सामान न्यायला इंदूताई आल्या. दारात अमिनाबी गादी गुंडाळत होती. तिच्याकडे त्यांचं लक्षही गेलं नाही. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. म्हणाल्या, “तुम्ही होतात म्हणून मी मुंबईत निर्धास्त होते.” आणि पिशवीतून एक इरकली लुगडं काढून माझ्या हातात ठेवलं. हिरवं, लाल काठाचं.

मी म्हणाले, माझं कामच हाय ते, ताई.

ते लुगडं मी घेतलं. दिवाळीला नेसले. भावाच्या पोरीच्या लग्नात नेसले. विरून फाटेस्तोवर नेसले, आणि कुणी विचारलं की सांगायचे — माईंच्या इंदूताईंनी दिलं.