विनयने मागितलेलं पाणी

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली. घरात मला नास्तिक म्हणतात. तरी लिहितेय, कारण हे घरात कुणाशी बोलायची सोय उरलेली नाही...

बेंगळूरच्या चिकपेटमध्ये आमचं साड्यांचं दुकान आहे, पणजोबांच्या वेळेपासून. धाकटा भाऊ विनय हिमालयात ट्रेकला जाणार होता. सराव म्हणून सॅकमध्ये साड्यांचा गठ्ठा भरून शहराबाहेर आनेकलच्या पुढची एक टेकडी चढायचा. एप्रिलमधल्या एका रविवारी मीही गेले. त्या दिवशी संकष्टी होती. आमच्याकडे ती निर्जळी असते, चंद्र दिसेपर्यंत पाण्याचा थेंबही नाही. मी पाळत नाही, तो पाळायचा.

"गणपतीचं तुझ्या घशाशी काय वैर आहे रे? ऊन बघ किती!" मी म्हटलं.

"बेंगळूरला ऊन लागतं का कुणाला, अक्का? घाम तरी आलाय का बघ."

खरंच नव्हता. इथे उंचावर वारा गार लागतो, घाम आला तसा वाळतो, आणि अंगातलं पाणी संपत चाललंय हे कळतच नाही. हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं.

अर्ध्या वाटेत मला धाप लागली. "सरी, बरं, तू बस," म्हणून तो पुढे गेला. मी खडकावर टेकले. बऱ्याच वेळाने तो एकटाच खाली आला. पाठीवर सॅक नव्हती, चेहरा लालबुंद. माझ्याशेजारी बसला.

"अक्का, स्वल्प पाणी दे गं."

मला इतकं बरं वाटलं! देव पावला, असंच मनात आलं. भरलेली बाटली दिली. त्याने ती घटाघटा रिकामी केली. "आईला सांगू नकोस, सॅक घेऊन येतो," म्हणाला आणि परत वर गेला.

मग वरून हाका आल्या. धावत पोचले तर विनय जमिनीवर पडलेला, बेशुद्ध. अंग तव्यासारखं तापलेलं. सॅक पाठीवरच होती, पट्टे आवळलेले. शेळ्या चारणारे एक आजोबा त्याच्यावर सावली धरून बसले होते. ते कन्नडमध्ये म्हणाले, हा इथे माझ्यासमोर पडला, केव्हाचा पडलाय, जागचा हललेला नाही. मी हाका मारतोय, कुणी येईना.

माझ्या हातात रिकामी बाटली होती.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी विचारलं, "सकाळपासून पाण्याचा घोटही नाही का दिला याला? शरीर पूर्ण कोरडं पडलंय." दुसऱ्या दिवशी विनय गेला.

आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "माझ्या लेकाने शेवटपर्यंत व्रत मोडलं नाही." तिला तेवढाच आधार आहे, म्हणून मी गप्प बसते. भास असेल म्हणावं, तर बाटली कुणी संपवली? मी तर घोटही घेतला नव्हता. वर्ष होत आलं. माझ्या भावाने माझ्याकडे पाणी मागितलं होतं हो... आणि मी दिलं होतं. मग ते त्याला मिळालं का नाही?