मानकऱ्याच्या आधी

काकी, तुमची मंगल आणि मी एकाच एसटीने गाव सोडलं. दोघींची लग्नं त्याच वैशाखातली. नवरे सुटी संपली म्हणून पुढे गेलेले, आणि आम्हा नव्या सुनांना मुंबईला पोचवायचं काम माझ्या सासऱ्यांकडे, आबांकडे. आबा वाडीचे मानकरी. एसटीतसुद्धा कुणीतरी उठून त्यांना पुढची जागा दिली आणि त्यांनी ती घेतली, नाही म्हणायचं त्यांना सुचलंच नाही. तुम्ही खिडकीखाली उभ्या राहून गाठोडी आत ढकलत होतात. कुळथाची पिठी, सोलं, उकडे तांदूळ. लेकीशी एक शब्द बोलला नाहीत, बोलला असतात तर दोघी रडला असतात. मला मात्र म्हणालात, "सुमन, ह्येका उपाशी ठेवू नको गो. ह्या मागूचा नाय."

माझे बाबा जरा लांब उभे होते. गाडी हलली तेव्हा ते जवळ आले आणि म्हणाले, "उपाशी रवलास तरी चलात, पण कोणापुढे हात पसरू नको." आईबापांनी दिलेली ही दोन वाक्यं घेऊन आम्ही मुंबईला आलो. दोन्ही एकदम पाळता येत नाहीत हे कळायला पुढे बराच काळ जावा लागला.

मुंबई म्हणजे घाटकोपरचा डोंगर. खाली स्टेशनच्या बाजूला सोसायट्या, दुकानं, सिनेमाची पोस्टरं, आणि वर आम्ही. आबा गिरणीत असताना त्यांनी तिथे पहिली झोपडी टाकली, मग वाडीतला एकेक माणूस आणून शेजारी बसवला. त्यामुळे आमची रांग म्हणजे गावची वाडीच होती, फक्त माडांशिवाय. मंगलचं दार माझ्या दारासमोर. सांडपाण्याच्या कडेला तिने अळू लावलं होतं आणि त्या अळवाचा तिला कोण अभिमान! पण तुम्ही म्हणालात तशीच होती ती. मीठ संपलं तर अळणी जेवायची आणि वर मला सांगायची, "आज अळणीच बरा लागता गो." मी वाटीभर मीठ नेऊन ठेवलं की दुसऱ्या दिवशी वाटीत तिच्या घरचं काहीतरी परत यायचं.

गावचा मानही डोंगर चढून आला होता. शिमग्याला पहिला नारळ मानकऱ्याने उचलायचा, त्याच्या आधी कुणी हात लावायचा नाही, हे तुम्हाला मी काय सांगायचं? पण डोंगरावर गणपतीचा प्रसादसुद्धा आधी आबांच्या हातावर पडायचा. महापालिकेचा नळ आला तेव्हा पहिली कळशी आबांनी भरली, मग बाकीच्यांनी. कुणी तसा नियम केला नव्हता. हातच पुढे होत नसत. आम्ही सुना यावर हसायचो, आणि हसत हसत तेच करायचो.

मग त्या वर्षी कावीळ आली. पिण्याची पाइपलाइन गटारातून गेलेली, कुठेतरी फुटली असणार. आधी पलीकडच्या गल्लीत, मग आमच्या रांगेत, घरोघर पिवळे डोळे. कावीळ माणसाला लगेच मारत नाही, झोपवून ठेवते. रोजावर जाणारा माणूस महिनाभर झोपला की त्याच्या घरात काय होतं ते सांगायला नको. मंगलचा नवरा वसंत पवईच्या बाजूला खाणीवर रोजाने जायचा. तो पडला. मंगलला तेव्हा सातवा लागला होता.

सरकारने डोंगरावरच्या सगळ्या घरांना शिधा जाहीर केला. गहू, तांदूळ, डाळ, तेल. रोग ओसरेपर्यंत फुकट, खालच्या म्युनिसिपल शाळेत येऊन घ्यायचा. वॉर्ड ऑफिसचा माणूस कर्णा घेऊन सांगून गेला. तो पाठमोरा झाला आणि ज्याला त्याला मत फुटलं. चहाच्या टपरीवर म्हणायचे, निवडणूक आली वाटतं. कुणी म्हणायचं, आधी गटाराचं पाणी पाजलं आणि आता भात वाढतायत. सोलापूरकडचे लोक पलीकडच्या गल्लीत राहायचे. ते पिशव्या घेऊन सरळ गेले, शिधा आणला, चूल पेटवली. आमच्या रांगेतल्या बायका त्यांच्याकडे बघून नाक मुरडायच्या. कुणाची चूल पेटते आणि कुणाची नाही, हे कान देऊन ऐकणाऱ्याही त्याच.

मी खालच्या सोसायटीत एका वहिनींच्या साड्यांना फॉल लावून द्यायची. त्या म्हणाल्या, "अगं सुमन, एकदा फुकट खायची सवय लागली ना, की माणूस कामाला हात लावत नाही. शेवटी आमच्याच टॅक्समधून जातं हे सगळं." त्यांच्या साहेबांनाही तेव्हा कावीळच झाली होती. ते बँकेच्या भरपगारी रजेवर होते आणि गॅलरीत आरामखुर्चीत बसून उसाचा रस पीत होते. मी सुईत दोरा ओवला आणि फॉल लावत राहिले. पण तो रस आजही माझ्या घशाशी येतो.

आबांचं म्हणणं वहिनींपेक्षा वेगळं नव्हतं, फक्त त्याला कारण होतं. गिरणी बंद पडली तेव्हा त्यांनी भाजीची पाटी डोक्यावर घेतली होती. ते म्हणायचे, "गिरण बंद पडली, तरी कोणाच्या दारात उभो रवलंय नाय. आता सरकाराच्या दारात रवतलंय?" त्यांचं खरंही होतं. पण माझा नवरा दिनेश कांजूरमार्गला कंपनीत कायम होता, घरात दरमहा पगार येत होता, कावीळ आमचा उंबरठा ओलांडून आली नव्हती. आमच्या घराला तो ताठा परवडत होता, काकी. समोरच्या घराला परवडत नव्हता.

मंगल रोज विचारायची, "तुझो सासरो कधी जातलो गो शाळेत?" नुसती तीच नाही, रांगेतली प्रत्येक बाई नळावर आडून आडून तेच विचारायची. मानकऱ्याने हात लावला नाही, मग आपण कसं घ्यायचं? मी सासऱ्यांशी समोरासमोर बोलायची नाही, तशी रीतच होती, म्हणून सासूबाईंकरवी सांगितलं. त्यांनी जेवण वाढता वाढता सांगितलं, लोक तुमची वाट बघतात म्हणून. आबा हसले. "वाट कसली बघतत? लाज आसा म्हणान जात नाय ते. बघ, आपल्या वाडयेतलो एक तरी माणूस गेलो काय?" त्यांच्या आवाजात असा अभिमान होता की सासूबाई भात वाढायच्या थांबल्या.

ते लोकांकडे बघत होते आणि लोक त्यांच्याकडे. ह्या बघाबघीत चुली विझत चालल्या होत्या.

दिनेशला म्हटलं, तू तरी सांग. तो म्हणाला, "आबांना कोण समजावणार यार? घरात वाट लागेल." शेवटी मीच पिशवी घेतली आणि शाळेत गेले. शिधा घेतला, मुद्दाम रांगेच्या मधून वर आणला, सगळ्यांनी बघावं म्हणून. आबांनी पिशवी बघितली. ओरडले नाहीत. पिशवी उचलून दाराबाहेर ओट्यावर ठेवली आणि दिनेशला म्हणाले, "परत देवन् ये." मी रीतभात सोडून पहिल्यांदा त्यांच्याशी थेट बोलले. म्हटलं, "आबा, परत नको. निदान समोर मंगलकडे तरी द्या."

ते म्हणाले, "तेंका होया आसता तर ते गेले नसते?"

दिनेश पिशवी खांद्यावर मारून खाली उतरला. दारादारांतून लोक बघत होते. त्या संध्याकाळनंतर नळावर मला कुणी काही विचारलं नाही. उत्तर मिळालं होतं.

मी आणि सासूबाई मंगलकडे पेज पोचवायचो, भात पोचवायचो. ती घ्यायची आणि मान खाली घालायची. आमच्या शिजवलेल्यातलं दोघांना कितीसं पुरणार? एक दिवस तिचं दार सकाळीच बंद दिसलं. वसंत आतून म्हणाला, खाणीवर गेली. त्याच्या जागी. खडी फोडायला. सातवा संपत आलेली बाई उन्हात बसून हातोडा मारत होती, आणि घाटकोपरच्या म्युनिसिपल शाळेत तिच्या नावचे गहूतांदूळ पोत्यात पडून होते. मी खाणीपर्यंत गेले, तिला ओढून आणायला. ती हसली आणि म्हणाली, "ह्या कष्टाचा आसा गो. ह्येका कोण नावा ठेवतलो?" तिचे डोळे तेव्हाच पिवळे दिसले मला. म्हटलं, मंगल, डोळे बघ तुझे. ती म्हणाली, धूळ गेली असेल.

शाळेतला शिधा त्याच आठवड्यात बंद झाला. ह्या बाजूला मागणी नाही, असं म्हणून सामान दुसऱ्या वस्तीकडे हलवलं; आमच्या रांगेत ते कुणी सांगायलाही आलं नाही. वहिनी म्हणाल्या, "बघ, मी म्हणत नव्हते? गरजच नव्हती. उगाच गाजावाजा." मी त्यांच्या साड्या फॉल न लावता परत दिल्या. तेवढंच माझ्या हातात होतं.

मंगल खाणीवरच कोसळली. पोटुशीला कावीळ फार वाईट, डॉक्टर म्हणाले. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात वसंत भिंतीला टेकून बसला होता, स्वतः हळदीसारखा पिवळा. आबा त्याच्यावर तुटून पडले. "पोटुशी बायल खडी फोडूक धाडलंस? शिधा मेळत होतो, तो घेवक काय झाला होता तुका?"

वसंतने वर बघितलं. तो आबांना कधी उलटून बोलला नव्हता, तेव्हाही बोलला नाही. खरंच न कळल्यासारखा म्हणाला, "आबा, तुम्ही खंय घेतलात? मानकऱ्याच्या आदी कोणी नारळ उचललो हा काय कधी?"

आबा माझ्याकडे वळले, मग सासूबाईंकडे. आम्ही दोघींनी खाली बघितलं. आम्ही हेच सांगितलं होतं. पण तेव्हा त्यांना ते ऐकू आलं नव्हतं, आता आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं, टोपी घातली, रिकामी पिशवी घेतली आणि शाळेत गेले. सगळी वाडी दारात उभी राहून बघत होती. काही बायका तर आपापल्या पिशव्या घेऊन मागे निघाल्या. शाळेत मुलं पाढे म्हणत होती. मुख्याध्यापिका बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आजोबा, ते वाटप कधीच बंद झालं." आबा तरीही पिशवी पुढे धरून उभे होते. दुपारी मंगल गेली. बाळ पोटातच गेलं.

काकी, तुम्ही यंदा शिमग्याला अंगणात बसून मला विचारलंत, "मुंबैत सरकारान फुकट धान्य वाटल्यान म्हणतत. मग माझी पोर खडी फोडूक कित्याक गेली?" पालखी दारात होती, आबांचा पुतण्या पहिला नारळ उचलत होता, आणि सगळे हात जोडून थांबले होते. त्या थांबलेल्या हातांचा मला इतका राग आला होता की मी आत निघून गेले. मंगल गेल्यापासून आबा शिमग्याला गेले नाहीत, हे तुम्ही बघितलंच आहे. का गेले नाहीत, ते हे.

आम्ही आता मुलुंडला असतो. पक्कं घर आहे, नळ घरात आहे, संडास घरात आहे. सासूबाई गेल्या. आबांना आम्ही किती वेळा म्हटलं, इथे चला, डोंगर चढउतार झेपत नाही आता. ते येत नाहीत. म्हणतात, "मी मुलुंडाक गेलंय तर हयसर पयलो कोण जातलो?"

कारण आता डोंगरावर सरकारचं काहीही आलं, की आबा पहिले असतात. रॉकेल असो, औषधाच्या गोळ्या असोत, गरज असो नसो, हात पुढे करून उभे. वसंतच्या खोलीत आता दुसरी माणसं राहतात, त्यांना जुनं काही ठाऊक नाही. ती हसतात. फुकट दिसलं की म्हातारा धावतो, म्हणतात. सोसायटीतल्या वहिनी कानांवर हात ठेवतील असं काय काय म्हणतात. आबा ऐकतात आणि पुढच्या खेपेला पुन्हा पहिले उभे राहतात. ज्या माणसाने सरकारच्या दारात उभं राहायचं नाकारलं, त्याने उरलेलं आयुष्य त्या दारात घालवायचं ठरवलं आहे.

गाव माझं आहे, मुलुंडचं घर माझं आहे. पण घरी जाते म्हटलं की माझे पाय अजून त्या डोंगराकडे वळतात. परवा गेले तेव्हा तापाची इंजेक्शनं द्यायला माणसं आली होती. आमची वाडी नेहमीसारखी दारांत उभी, एकमेकांची तोंडं बघत. आबा काठी टेकत खाली आले, बाही वर केली, सुई टोचून घेतली. मग वळले आणि मंगलच्या दाराकडे बघून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"मिया घेतलंय. आता येवा."