निम्मी खोली मागाची

अख्ख्या शहापुरात आमच्याएवढं मोठं घर कुणाचं नव्हतं. म्हणजे, दारापुढचा बोळ धरला तर! आत एकच खोली, आणि तिच्यातली निम्मी विणायच्या मागानं खाल्लेली. अशा घरात सामान साठवायला जागा नसते, म्हणून किस्सेच साठतात.

तशी दोन खोल्या घ्यायची ऐपत होती. पण भाडं वाचवून वाचवून मी आणि माझ्या धाकट्या भावानं, दत्तूनं, स्वतःचा माग केला. गोऱ्या साहेबाच्या राज्यात स्वतःच्या मागावर बसणारा विणकर म्हणजे फर्स्ट क्लास माणूस! खोट एकच. दत्तूला मुलगी कोणी देईना. पाहुणे दारातूनच विचारायचे, "पोरगी द्यू, पर ठेवणार कुठं?"

*

चूल मागापासून हातभर. त्यामुळं लुगडं विणून होईस्तोवर त्याला फोडणी बसलेली असायची. खडेबाजारातल्या शेटजींनी एकदा घडी नाकाशी नेली.

"काय रं, लुगड्याला लसणाचा वास मारतोय!"

"शेटजी, नुसती भाकरी घेऊन बसा. कालवण हाय त्यात!"

शेटजी हसले आणि लुगडं ठेवून घेतलं.

*

सासरे हिंडलग्याहून मुक्कामाला आले की झोपताना त्यांचे पाय उंबऱ्याबाहेर जायचे. एकदा पहाटे देवळाला निघालेल्या म्हातारीला बोळात नुसते पायच दिसले. तिला वाटलं, कोणी साधूमहाराज उतरलेत. तिनं पायांवर फूल वाहिलं, डोकं टेकलं आणि गेली.

सासरे उठले, फूल बघितलं आणि म्हणाले, "जावईबापू, तुमच्या गावाला माणसाची पारख हाय बघा!"

तो मुक्काम लांबला तो लांबलाच!

*

माझी बायको गंगू रुसली तरी पंचाईत. तोंड फिरवून बसायला मोकळा कोपरा कुठाय? एकदा ती सरळ मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसली, विणताना आम्ही बसतो तिथंच. माग बंद!

"ऊठ की गं, काम खोळंबलंय."

"दुसरी खोली दावा, तिकडं जाऊन रुसते!"

*

मग निपाणीहून एका मुलीची आत्या आमचं घर बघायला आली. आईवेगळी पोर तिनंच वाढवलेली, म्हणजे होय-नाही सगळं तिच्या हातात. मुलगी दत्तूच्या मनात इतकी भरली होती, की पठ्ठ्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता. मी शक्कल काढली. मागच्या भिंतीवर नवंकोरं लुगडं पडद्यासारखं सोडलं. पलीकडं आणखी एक खोली असल्याचा थाट!

आत्याबाईंनी मागावर हात फिरवला. "कुणाचा ह्यो?"

"आमचाच! सावकाराचा एक दोरा न्हाय त्यात," मी छाती काढून सांगितलं.

"लई ब्येस." मग पडद्याकडं बघून म्हणाल्या, "आता आतली खोली बघू."

मी चहाचं विचारलं, निपाणीच्या हवेचं विचारलं. पण त्या उठल्याच, आणि पडदा उचलला. मागं भिंत!

गंगूनं कपाळाला हात लावला. दत्तू तर रडकुंडीलाच आला. मी दात काढले आणि म्हटलं, "आत्याबाई, घर ल्हान असंल, पर आमचं मन लई मोठं हाय!"

"मग तुमी दोघं नवराबायको मनात निजा की," आत्याबाई म्हणाल्या, "खोली ह्या पोरास्नी द्या!"