भिंतीपलीकडचा विनोदी कार्यक्रम

निवृत्त झाल्यापासून मी सिनेमे तपासते. मुलगी बेंगळुरूला असते. पुरस्कारांसाठी नामांकन मिळालेल्या सिनेमांची यादी ती मला पाठवते आणि रविवारी संध्याकाळी फोनवर विचारते, "आई, किती?" मी दहापैकी गुण सांगते. चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत काढल्यावर गुण दिल्याशिवाय कुठलीच गोष्ट संपल्यासारखी वाटत नाही.

विनोदी कार्यक्रमांना मात्र मी गुण देत नसे. ते जेवताना बघायचे, हसायचे आणि ताट उचलायचं. त्यातल्या प्रहसनांत कुणी ना कुणी थोबाडीत खातोच. साडी नेसलेला पुरुष गालफडावर हात धरून कोलमडतो, परीक्षक खुर्चीतून पडेपर्यंत हसतात. मीही हसले आहे, खोटं कशाला सांगू.

साखळी गावातल्या माझ्या घराच्या मागच्या दोन खोल्या दोडामार्गकडच्या एका जोडप्याला दिल्या होत्या; ती दोघं तिथं आठ महिने राहिली. तो खाणीवरचा ट्रक चालवायचा. बोलायला मऊ. माझा गॅसचा सिलिंडर न सांगता आत आणून ठेवायचा. ती पंचविशीची, कामाला चपळ, कमी बोलणारी. दोघंही मला बाई म्हणायची, जशी साखळीतली अर्धी माणसं म्हणतात. त्यांचा टीव्ही कायम मोठ्यानं असायचा आणि त्यावर बहुतेक हेच विनोदी कार्यक्रम. मला वाटायचं, दोघं मजेत आहेत.

एकदा पाव विकणारा पोदेर दारात आला तेव्हा ती बाहेर आली. एक डोळा सुजून बंद झालेला.

"काय झालं गं?"

"काय नाय ओ बाई. न्हाणयेत पाय घसरलो."

"आणि टीव्ही एवढा मोठ्यानं कशाला लावता?"

"तेका आवडता," ती म्हणाली आणि पाव घेऊन आत गेली.

मी त्या डोळ्यावर बर्फ लाव म्हणाले. त्यापलीकडे काही केलं नाही.

त्याच आठवड्यात रविवारी दुपारी यादीतला तिसरा सिनेमा लावला. कुठल्याशा बर्फाळ गावातलं नवरा-बायकोचं घर. मुलीनं दिलेले हेडफोन कानाला होते. नवरा पहिल्यांदा हात उचलतो तेव्हा कॅमेरा त्यांच्याकडे बघतच नाही, चुलीवरच्या किटलीवर थांबतो. आपल्याला नुसता आवाज ऐकू येतो. काय संयम आहे, असं मनात म्हणत मी वहीत तसं लिहिलंही. मग धप् असा आवाज आला, पुन्हा आला, आणि पडद्यावर तर ती बाई एकटीच खिडकीशी बसली होती. मी हेडफोन काढले. आवाज चालूच होता. भिंतीवरच्या फळीतले डबे थरथरत होते.

मागच्या अंगणात गेले. दगडावर कपडे धुवायचं धोपटणं पडलं होतं, ते उचललं. ते का उचललं हे मला नंतर हवालदारानंही विचारलं आणि मला सांगता आलं नाही. त्यांचं दार नुसतं लोटलेलं होतं.

तो गुडघ्यांवर बसला होता. तिचे केस मुठीत धरून तिचं डोकं खाटेच्या लाकडी कडेवर आपटत होता. घाईनं नाही, कोयतीनं नारळ फोडताना माणूस अंदाज घेत घाव घालतो तसं. तिच्या कानातून रक्त येऊन मानेवर उतरलं होतं. ती ओरडत नव्हती. टीव्हीवर एक बुटका नट मार खात होता आणि हशा थांबत नव्हता.

मी पहिला फटका त्याच्या खांद्यावर मारला. तो वळला. "बाई, तुमी?" असं अगदी अदबीनं म्हणाला. मुठीतले केस सुटले नाहीत. दुसरा फटका मी मनगटावर मारला आणि वाळकी काटकी मोडावी तसा आवाज आला. केस सुटले. तिथं थांबायला हवं होतं. तो हात पोटाशी धरून जमिनीवर आडवा झाला होता, पाय आखडून घेत होता. मी त्याच्या पाठीवर मारलं, मांडीवर मारलं, पाठीवर पुन्हा मारलं. मला दम लागला नाही. मला बरं वाटत होतं. वर्गात मुलांच्या तळहातावर पट्टी मारायचे, त्याला मी कधी मारणं म्हटलं नव्हतं. पण हात उचलण्याची ती लय माझ्या खांद्याला ओळखीची होती, हे मला त्या क्षणी कळलं.

तिनंच मला थांबवलं. रक्ताळलेल्या हातांनी माझ्या कमरेला मिठी मारली. "बाई, पुरे. मरतलो तो."

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, दोघंही जिन्यावरून पडलो. माझ्या घराला जिना नाही. मी म्हणाले, "हिला यानं मारलं, आणि याला मी."

चौकीवरून आलेला हवालदार माझाच विद्यार्थी निघाला. त्यानं पेन उघडलं आणि पुन्हा बंद केलं.

"बाई, असं कसं लिहू?"

"सांगते तसं लिही. शुद्धलेखन नीट कर."

चार वेळा चौकीवर जावं लागलं. तिच्या नवऱ्यानं माझ्यावर तक्रार केली नाही. साठी उलटलेल्या बाईनं आपल्याला लोळवलं हे कागदावर यायला नको, एवढंच त्याचं म्हणणं होतं. तिनंही तक्रार केली नाही. हात प्लास्टरमध्ये घेऊन तो त्याच्या गावी गेला. ती माहेरी, इब्रामपूरला गेली.

मुलीनं फोनवर "किती?" विचारलं तेव्हा मी घडलेलं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, तू त्याला मारून टाकलं असतंस तर?" तो सिनेमा मी नंतर पुरा पाहिला. शेवटी ती बाई नवऱ्याला माफ करते, बर्फ पडत राहतो. काम सगळ्यांचं उत्तम आहे. पण मारणारा माणूस आधी बराच वेळ वाईट दिसत राहतो, आणि मारल्यावर लगेच रडतो. मी रडले नव्हते. घरी येऊन धोपटणं धुतलं आणि भात टाकला.

पाच-सहा महिन्यांनी पेडण्याला एका कामासाठी गेले होते. बसस्टँडवर माझी ती भाडेकरीण भेटली. तिथल्याच एका खानावळीत काम करते म्हणाली. कानावर केस ओढून घेतलेले. त्या कानानं कमी ऐकू येतं, म्हणून मी दुसऱ्या बाजूला बसले. आम्ही भजी घेतली.

"तो येतो का?"

"एकदा इल्लो. बाबान आत घेवक नाय." मग भज्याचा तुकडा हातात तसाच धरून म्हणाली, "बाई, रागावू नका. तेचा तोंड माझ्या सपनात येणा नाय. तुमचा येता. त्या दिवशीचा."

"म्हणजे मी यायला नको होतं?"

"येवक व्हया होता," ती म्हणाली. "पण आठ म्हयने तुमका आयकाक आला नाय?"

मी टीव्हीचं कारण सांगणार होते. तिच्या तोंडाकडे पाहून सांगितलं नाही. "येत होतं," मी म्हणाले.

तिनं मान हलवली, हात पुसले आणि कामावर उशीर होतो म्हणून उठली.