तीन मंडळांची सून

वत्सलावहिनी कागद वाचायच्या आधी हुंगायच्या. दफ्तराचा रुमाल सोडला की वरचा कागद दोन्ही तळहातांवर घ्यायचा, नाकाजवळ न्यायचा, डोळे मिटायचे आणि मग निकाल द्यायचा. "हा अजून काही पावसाळे काढेल," किंवा "हा आत्ताच उतरवून घ्या, हा जाणार." वाळवी शिरलेल्या कागदाला ओल्या भुशाचा वास येतो आणि शाईने खाल्लेल्या कागदाला गंजक्या खिळ्याचा, असं त्या सांगायच्या. मला दोन्ही वास कधी कळले नाहीत. पण त्यांनी 'जाणार' म्हटलेला कागद गेल्याशिवाय राहिला नाही. पुढे पुढे तर त्या रुमालाच्या गाठीला हात घालायच्या तेव्हाच मी त्यांच्यापुढे कोरा कागद सरकवायचो.

मी कऱ्हाडहून देवासला आलो तो कारखान्यातल्या नोकरीसाठी. दिघ्यांच्या घरातल्या माडीवरच्या दोन खोल्या मला भाड्याने मिळाल्या. वत्सलावहिनी त्या घरच्या सूनबाई. यजमान पाटबंधारे खात्यात, हाटपिपल्याला. रविवारी तेवढे घरी दिसायचे आणि तेव्हाही फारसे बोलायचे नाहीत. ऐंशीनंतर कधीतरी आमच्या कंपनीत पगारपत्रकांसाठी कॉम्प्युटर आला आणि मला त्याच्या खोलीत बसवलं. ही बातमी आळीभर झाली. त्याच आठवड्यात वहिनींनी मला जिन्यात गाठलं.

"भावजी, तुमच्या त्या यंत्राला मोडी येतं का?"

"वहिनी, त्याला साधी मराठीही येत नाही."

"मतलब आमच्या इथल्या पोरांसारखंच झालं. मग येतं तरी काय त्याला?"

"आकडे येतात. आणि सांगितलं तर क्रम लावता येतो."

"बस, तेवढंच पाहिजे," त्या म्हणाल्या. "इथे माणसांना क्रमच लावता येत नाही."

याचा अर्थ कळायला मला एक बैठक पुरली. देवासला पूर्वी दोन गाद्या होत्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. एकाच रस्त्याच्या या बाजूला एक राज्य आणि त्या बाजूला दुसरं. राज्यं गेली, पण रुसवे राहिले, आणि त्या रुसव्यांनी दोन इतिहास मंडळं काढली. तिसरं मंडळ धारचं. तिघांकडे जुन्या कारभारी घरांतले मोडी कागद होते, आणि ते कागद एकमेकांनाच लिहिलेले होते. धारहून लिहिलेलं पत्र देवासला पडलेलं, त्याचं उत्तर धारला, आणि देवासच्या वाट्याचे पुन्हा दोन तुकडे. एकट्या मंडळाने छापायचं म्हटलं तर नुसते प्रश्न छापावे लागले असते किंवा नुसती उत्तरं. म्हणून तिघांनी मिळून एकच पुस्तक काढायचं ठरलं. त्यानंतर मात्र कुणाचं कुणाशी काही ठरलं नाही.

हे सगळं एकत्र धरून ठेवणारी एकच व्यक्ती होती, आणि तीही नात्याच्या जोरावर. थोरल्या मंडळाचे अध्यक्ष वहिनींचे सासरे, त्यांना त्या जुन्या रीतीने 'मामंजी' म्हणत. धाकट्या मंडळाचे अध्यक्ष सासूबाईंचे भाऊ, तात्या. धारच्या मंडळाचे दादा म्हणजे वहिनींचे चुलत भाऊ. आईवडील लवकर गेल्यामुळे वहिनी त्यांच्याच घरात वाढल्या होत्या आणि त्यांचं माहेर म्हणजे तेच. आळीत तीन मंडळांची सून म्हणायचे; खरं तर दोन मंडळांची सून आणि एका मंडळाची लेक, तिला नाही कोण म्हणणार? "धारला हट्ट करते, देवासला परवानगी मागते," त्या सांगायच्या, "आणि तिघांचं भांडण माझ्या चुलीपाशी आणून निववते."

माहेरवाशीण निघाली की तिची ओटी भरतात. दादा त्या ओटीबरोबर कागदांचा एक रुमाल द्यायचे. एका खेपेला एक रुमाल, हा त्यांचा नेम. तो वाचून, उतरवून परत आणायचा, मग दुसरा मिळायचा. वहिनी त्याला दादाचा कंजूषपणा म्हणायच्या आणि मनातून खूश असायच्या, कारण रुमाल संपेपर्यंत धारला जायला निमित्त होतं.

रविवारी सकाळी मॅनेजरच्या परवानगीने मी कागदांची सूची यंत्रात भरायचो. प्रत्येक कागदाला नंबर हवा होता. एक नंबर कुणाच्या कागदाला द्यायचा यावर तीन बैठका गेल्या. मामंजी म्हणाले, गादी थोरली. तात्या म्हणाले, कागद जास्त आमचे. दादांनी धारहून निरोप धाडला की धार ही धार आहे. शेवटी वहिनी चहाचे कप गोळा करता करता म्हणाल्या, "एक नंबर मोकळा राहू द्या. देवीचा म्हणा. दोनपासून चिठ्ठ्या टाकू." सगळे हसले, मान्य झालं. मी जिन्यात त्यांचं अभिनंदन केलं तर त्या काळजीत दिसल्या. "फार सहज जमलं हो भावजी. हे लोक सहज मानतात तेव्हा मला भीती वाटते." ही त्यांची सवयच होती. गोष्ट बिघडली की त्या पदर खोचून उभ्या राहायच्या, आणि चांगली झाली की गप्प होऊन कानोसा घ्यायच्या.

एका उन्हाळ्यात त्यांच्याबरोबर मी धारला गेलो. दादांच्या घरी पुढच्या खोलीत मंडळ भरायचं. त्या दिवशी खोलीतली बाकं गेली होती आणि भिंतीवर चुन्याने कुणीतरी मापं टाकून ठेवली होती. दादा जाड भिंगांचा चष्मा लावून बसले होते, तरी चहाचा कप त्यांना चाचपून घ्यावा लागत होता. निघताना वहिनींनी हात पुढे केला तर दादांनी एक रुमाल दिला नाही. त्यांनी अंगणाकडे बोट केलं. तिथे टेंपो उभा होता आणि मंडळाचे सगळेच्या सगळे रुमाल त्यात रचलेले होते.

"दादा, हे काय?"

"घेऊन जा वच्छी. पोरं म्हणून राहिली आहेत, ये कचरा हटाओ, दुकान निकालना है. त्यांचं तरी काय चुकलं? त्यांना वाचता कुठे येतं. आणि मला आता दिसत नाही."

टेंपोवाला घाई करत होता. "भिया, क्या भर रखा है इसमें, टायर बैठ रिये हैं." वहिनींनी दादांना वाकून नमस्कार केला आणि पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसल्या. देवास येईपर्यंत त्यांच्या तोंडून एवढंच आलं. "माहेर थोडं थोडं देत असतं तोवर ते आहे असं समजावं, भावजी. आज त्याने सगळंच देऊन टाकलं."

मला तेव्हा ते बायकी हळवेपण वाटलं. माझा आनंद वेगळाच होता, कारण आता सूची पुरी होणार होती. वहिनींनी पंचांगं पुढे घेऊन जुन्या तिथ्यांच्या तारखा काढल्या, मी त्या भरल्या, आणि यंत्राने तीनही मंडळांचे कागद प्रथमच एका ओळीत, तारखेप्रमाणे लावून दिले. ते लांबलचक छापील कागद घेऊन मी एका रविवारी दुपारी घरी आलो. वहिनी ओसरीवर बसून बोटाने ओळी उतरत गेल्या. एका जागी बोट थांबलं. मग त्यांनी तीन रुमालांतून तीन कागद काढले आणि शेजारी शेजारी ठेवले.

पहिला थोरल्या मंडळाचा. धारच्या एका बापाने देवासला दिलेल्या मुलीची चौकशी केली होती. 'चि. सगुणेस बरे नव्हते असे कळते. आता कसे आहे ते लिहावे.' तिसरा धारहून आलेला, म्हणजे त्या बापाला मिळालेलं उत्तर. 'सगुणा सुखरूप असे. काळजी न करावी.' आणि या दोहोंच्या मधल्या तारखेचा कागद धाकट्या मंडळाचा होता, एका उपाध्यायाच्या घरातला. त्यात सगुणेच्या तेराव्याला कोण कोण जेवले ते लिहिलं होतं.

पुढे आणखी पत्रं होती. बाप विचारत राहिला होता आणि उत्तर येत राहिलं होतं, सुखरूप असे. का, ते कुठल्याच कागदात नव्हतं. इतकी वर्षं तिन्ही मंडळांनी आपापला कागद जपून ठेवला होता, आणि एकेकटा कागद अगदी निष्पाप होता. उत्तरांखाली सही होती ती मामंजींच्या आजोबांची. सगुणा याच घरची सून होती. आम्ही बसलो होतो त्याच ओसरीवर ती उत्तरं लिहिली गेली असणार.

मामंजी वाईट माणूस नव्हते. ते मला रोज संध्याकाळी वर्तमानपत्र वाचायला खाली बोलवत आणि माझ्या आईच्या पत्रांची चौकशी करत. पण हे तीन कागद पाहून त्यांचा चेहरा दगडासारखा झाला.

"सूनबाई, हे पान पुस्तकात येणार नाही."

"मामंजी, मग पुढची आठ पत्रंही काढावी लागतील. बाप तेच विचारतोय त्यांत."

"काढा."

"मग मागची का ठेवायची?" वहिनींचा आवाज चढला नव्हता. "त्या माणसाला अजून उत्तर गेलेलं नाही, मामंजी. ते आपल्याच घरातून जायचं राहिलंय."

तात्यांनी छापा म्हटलं, त्यात त्यांना थोडी गंमतही वाटत असावी. मामंजी पुस्तकावरून आपल्या मंडळाचं नाव काढून घेतील अशी मला धास्ती होती. पण मग मुखपृष्ठावर देवासतर्फे एकटी धाकटी पाती राहिली असती, ते त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. त्यांनी नाव ठेवलं आणि वहिनींना शिक्षा दिली. ओसरीवर, माझ्यादेखत ते म्हणाले, "ज्या माहेरासाठी तुम्ही या घराची अब्रू चव्हाट्यावर मांडताय, त्या माहेरी मी असेपर्यंत पाऊल टाकायचं नाही. पान हवं की धार, ते तुम्ही ठरवा."

त्या रात्रभर विचार करतील असं मला वाटलं होतं. त्यांनी तिथेच, उभ्याउभ्या सांगितलं, "पान."

पुस्तक इंदूरला छापून आलं. मुखपृष्ठावर तीन नावं गोलाकार बसवली होती, पहिलं कोणतं हे कुणालाच सांगता येऊ नये म्हणून. वहिनी धारला गेल्या नाहीत. दादांची तब्येत ढासळल्याचं इकडून तिकडून कानावर यायचं. मी म्हटलं, मी नेतो तुम्हाला, कुणाला कळणार नाही. त्या म्हणाल्या, "शब्द दिलाय ना. तो मोडला तर त्या पानाची काय किंमत राहिली?" मला त्यांचा राग आला होता. अजूनही थोडा येतो. भावाला भेटायला जाण्याने कुठल्या पानाची किंमत कमी होते?

थंडी सरत आली होती. एका दुपारी धारहून कुणी गृहस्थ आले, दारातच मामंजींशी दोन शब्द बोलले आणि पाणीही न घेता परत गेले. मी सुट्टीवर होतो, जिन्यात उभा होतो. मामंजी ओसरीवर येऊन बसले. वहिनी आतून आल्या.

"धारचं कुणी होतं ना? दादा कसा आहे?"

मामंजींनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. काय त्यांच्या मनात आलं असेल? दया असेल, धाक असेल, किंवा आपण घातलेली अट आता कुणालाच मागे घेता येणार नाही याची भीती असेल. ते म्हणाले, "बरे आहेत. सुखरूप आहेत. काळजी करू नका."

वहिनी वळून मागच्या अंगणात गेल्या. विहिरीच्या रहाटाचा आवाज आला, पाठोपाठ पाण्याचा. भर दुपारी, नेसत्या लुगड्यानिशी, डोक्यावरून त्या घागरीमागून घागर घेत होत्या, माणूस गेल्याचं ऐकल्यावर घेतात तशी.

ओल्या केसांनी त्या ओसरीच्या पायरीपाशी आल्या. पदरातून पाणी ठिबकत होतं.

"मामंजी," त्या म्हणाल्या, "पाणी शेंदून ठेवलंय. आपणही अंग धुऊन घ्या."

मामंजी उठले.