काकांचा हात आणि नवा कॅमेरा

“बाबांना कळू देऊ नकोस, पण बारशाला आपण बाहेरचाच फोटोग्राफर बोलवू,” वरच्या मजल्यावरच्या काकांची मुलगी लिफ्टमध्ये फोनवर नवऱ्याला सांगत होती. मी शेजारीच उभी होते. पण मी असले तरी लिफ्ट रिकामी आहे असंच लोकांना वाटतं, त्यामुळे मला बरंच काही कळतं आणि ते मी कुणालाही सांगत नाही.

काकांइतका सखोल विचार करून काहीही न घेणारा माणूस अख्ख्या मोशीत सापडणार नाही. चाकणच्या कंपनीत क्वालिटीला, म्हणजे तयार माल तपासण्यात, त्यांची हयात गेली. भाजीवाल्याची भेंडीसुद्धा ते उजेडात फिरवून बघतात आणि “रिजेक्ट” म्हणत परत ठेवतात. सोसायटीतलं प्रत्येक हळदीकुंकू, प्रत्येक वाढदिवस त्यांनीच टिपलाय, आणि तोही फुकट. त्यांचा जुना कॅमेरा बदलून नव्या पद्धतीचा, मिररलेस कॅमेरा घ्यावा का, यावर दर रविवारी त्यांच्या बाल्कनीत आमची बैठक बसते. मी इंग्लिश मीडियमची, म्हणून रिव्ह्यू वाचून मराठीत सांगायचं काम माझं. त्यातले निम्मे शब्द मी तसेच ठेवते आणि उरलेल्यांचं भाषांतर ‘छान’ असं करते.

“हे फुल-फ्रेम म्हणजे काय गं?”

“छान असतं, काका.”

निर्णय अगदी तोंडाशी आला की आणखी नवं मॉडेल येणार अशी बातमी येते. काका कप खाली ठेवतात. “घाई नको. पुढचा लॉट बघू.”

इकडे त्यांचे फोटो हलायला लागलेत. संक्रांतीच्या फोटोत शेजारच्या काकूंना दोन नथी होत्या. कंपनीत किंचित चुकलेला माल कधीकधी ‘डेव्हिएशन’वर पास करतात, म्हणजे चूक दिसते, पण या खेपेला चालवून घेऊ, असं काकांनीच मला सांगितलं होतं. आमची सोसायटी त्यांचे फोटो तसेच पास करते. ग्रुपवर पहिला अंगठा माझा असतो. हात हलला तरी नवा कॅमेरा फोटो सांभाळून घेतो, हेही मी वाचून दाखवलं होतं. “ते म्हाताऱ्यांसाठी,” काका म्हणाले आणि पुढचं पान मागितलं.

लिफ्टमधून उतरून मी घरी न जाता जिन्याने वर गेले. जाताना एक वाक्य आधी इंग्रजीत जुळवलं, मग मराठीत, मग ते फार उद्धट वाटलं म्हणून अर्धं गाळलं. काका बारशासाठी लेन्स पुसत होते आणि फडकं त्यांच्या बोटांत थरथरत होतं.

“नातीच्या डोळ्यांवर फोकस ठेवणार बघ. बाकी सगळं गेलं तरी चालेल.” मग त्यांनी दवाखान्यात काढलेला तिचा पहिला फोटो पुढे केला. फोटोत दुपट्यावर गुलाबी धुकं पसरलं होतं. “कसा आलाय?”

सवयीचा शब्द जिभेवर आलाच होता. तो गिळला.

“हललाय, काका. तुमचा हात हलतो. बारशाच्या आधी नवीन घेऊ या. दुकानात मी येते बरोबर.”