फोन अडवून आणलेलं विरजण

नोकरी सांभाळून मी एका ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टीमवर फंक्शनल प्रोग्रॅमिंग भाषा चालाव्यात म्हणून त्यांचे कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला कळेल अशा रूपात आणणारी साधनं, तयार करायचे. पगार शून्य, कटकट भरपूर. एकदा सदाशिव पेठेतल्या आमच्या फ्लॅटमध्ये हार्ड डिस्क उडाली आणि त्यातला कंपायलरही गेला. हा कंपायलर ज्या भाषेसाठी, त्याच भाषेत लिहिलेला, त्यामुळे नवा बनवायला जुना हाताशी लागतो. मी सासूबाईंसमोर चिडचिड केली.

"म्हणजे विरजण संपलं. शेजारून आण," त्या म्हणाल्या.

माझा शेजारी होता फिनलंडमध्ये, फक्त मेलवरच्या ओळखीचा. त्याने लगेच जुना कंपायलर दिला. डायलअपवर तो उतरवून घेताना अख्खी सकाळ घरचा फोन अडकला, म्हणून सासूबाईंची बोलणीही खाल्ली.

वाटी रिकामी परत करायची नाही, हे आमच्या घरात कुणाला सांगावं लागत नाही. आभारांसोबत मी त्या कंपायलरमध्ये केलेल्या दुरुस्त्या पाठवल्या. त्याचं चकित होऊन उत्तर आलं, "मी तर काहीच मागितलं नव्हतं."

मी ते सासूबाईंना वाचून दाखवलं.

"शेजार नवीन दिसतोय त्याला," त्या म्हणाल्या. "शिकेल हळूहळू."